सव्वातेरा इंच

पर्थ ते ॲमस्टरडॅम किती,
हे मी आधी स्टेशन रोडच्या तिकीटवाल्याला विचारलं.
काका, जायचंय कुणाला?
म्हटलं, कुणालाच नाही. नुसतं अंतर सांग.
त्यानं बोटं चालवली.
सरळ गेलं तर चौदा हजार एकशे बेचाळीस किलोमीटर.
पण थेट विमान नाही, म्हणाला,
मधे कुठंतरी उतरावंच लागतं.

पद्मजा पर्थला, रणजित ॲमस्टरडॅमला.
तीन वर्षं झाली, दोघं बोलत नाहीत.
आईच्या दहाव्याला तो पोचला नाही
आणि हिनं फोनवर त्याला एक वाक्य म्हटलं.
कुठलं, ते दोघंही मला सांगत नाहीत.
हवा सांगतात. काय जेवले ते सांगतात.
आणि फोन ठेवता ठेवता,
गिऱ्हाईक पायरी उतरताना तुटलेलं बटण आठवून
मागं वळतं, तसं विचारतात,
तिकडं कसं काय?
तिकडं म्हणजे कुणाकडं, हे मी विचारत नाही.

पापाच्या तिकटीजवळ माझं दुकान.
भिंतीला जगाचा नकाशा आहे, गणवेशाच्या ऑर्डरीबरोबर शाळेनं दिलेला.
त्यावर पट्टी ठेवून रेघ मारली.
रेघ लंकेच्या खालनं, मालदीववरनं, सगळी पाण्यातनं गेली.
कोल्हापूर वर कुठंतरी, लांब.
दोन पोरांच्या मधल्या रस्त्यात
आपण कुठंच नाही म्हणायचं.
त्या दिवशी एका सदऱ्याची बाही उलटी जोडली.

मग त्याच शाळेनं भंगारात काढलेला पृथ्वीगोल आणला.
आस मोडलेला; वाटीत ठेवला की उभा राहतो.
पर्थला टाचणी, ॲमस्टरडॅमला टाचणी,
चाळीस नंबरचा दोरा, ताणून.

चाळीस वर्षं मी हेच तर करतोय,
टेबलावरचं माप वेगळं, अंगावरचं वेगळं.
कापड सपाट असतं, खांदा नसतो.
हे पृथ्वीच्या बाबतीत कसं विसरलो, कोण जाणे.

दोरा ताणला तसा वर सरकला.
समुद्र सोडला, मद्रासच्या बाजूनं आत शिरला,
आणि मुंबईच्या खाली, गव्हाच्या दाण्याएवढं अंतर सोडून,
पश्चिमेच्या पाण्यात उतरला.
त्या गोलावर कोल्हापूर छापलेलं नाही.
मी खडूला टोक काढून ठिपका दिला.
दोरा ठिपक्यावरनं गेला.
शेजारनं नाही. वरनं.
दोऱ्याच्या जाडीत अख्खं गाव झाकलं,
शिरोलीपासून कळंब्यापर्यंत.

टेप लावली. सव्वातेरा इंच.
रणजितच्या आठवीतल्या शर्टाची कॉलर.
ठिपक्यापासून इकडं आणि तिकडं मोजलं
तर फरक सुताचा. पर्थ जरासं जवळ.
हे त्याला सांगायचं नाही.

रात्री साडेसातला पद्मजाचा फोन आला, तिच्याकडं दहा वाजलेले.
म्हटलं, तुम्हा दोघांच्या मधे दोरा ताणला तर आपल्या दुकानावरनं जातो.
ती गप्प.
मागं तिच्या फ्रिजचा आवाज येत होता.
मग म्हणाली, बाबा, डोळ्याचे थेंब घालताय ना?
घालतोय म्हटलं.
थोड्या वेळानं म्हणाली, बरोबर दुकानावरनं?
म्हटलं, मशिनवरनं म्हण.

रणजितला अजून सांगितलेलं नाही.
तो खाडाखोड करणारा मुलगा; आधी म्हणेल,
विमानं अशी जात नाहीत, बाबा.
जात नसतील.

गोल आता मशिनशेजारी असतो.
पोरं माप द्यायला येतात, फिरवू बघतात.
मी हात लावू देत नाही.
खडू पुसट होतो, दर दोन दिवसांनी
ठिपका पुन्हा द्यावा लागतो.
दोऱ्याला गाठ मारलेली नाही.
कच्चा टाका आहे; ट्रायल झाल्याशिवाय
मी कुणाचंच पक्कं शिवत नाही.

सोमवारी चाळीस हाफ पँटी द्यायच्यात.
काजं अजून एकाचीही झालेली नाहीत.